पॅराशूटच्या मापाची उशी

सेंत-ओरी,
५ ऑक्टोबर १९३०

प्रिय क्लेमांस,

तुला आणि माझ्या नातीला, जिनेतला, अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, आता होडीवर जाणं पुरे, धक्क्यावर बसून जाळी सांधा. ऐकणारे नव्हेत ते, पण म्हणावं. विहीणबाईंचे गुडघे? लग्नाला आल्या होत्या तेव्हा आमच्या जिन्याला पायरीगणिक शिव्या घालत होत्या, ते अजून आठवतं. तुझ्या भावाचा हात दोरखंडात सापडला होता, बोटं वळतात का आता? जिनेतचा कान वाहायचा थांबला का? थंडीत कापूस घालत जा, आणि तेल घातलंस तर कोमट घाल, कढत नको. आणि तू कशी आहेस? तुझं मुद्दाम शेवटी विचारते, कारण त्याचं उत्तर येणार नाही हे मी धरून चालले आहे. तिकडून आमच्या बाजाराला येणारा मासेवाला म्हणाला, तू सार्डिनच्या कारखान्यात डबे भरायला लागलीस. खांबासारखं उभं राहावं लागत असेल दिवसभर. पायात लोकरीचे मोजे घाल.

मी बरी आहे. बोटांची टोकं तेवढी बधिर झालीत. सुई टोचली तर कापडावर लाल दिसल्यावर कळतं. डॉक्टर म्हणाले, पंखांच्या रोगणाचा वास वर्षानुवर्षं घेतला की असं होतं, दूध पीत जा. शिवणखात्यात आम्हा सगळ्या बायकांना कारखाना दूध देतोच. मी घरी आणून त्याचं सूप करते.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या पाकोळीचा, म्हणजे कारखान्याचे मालक तेरास साहेब यांच्या नव्या विमानाचा, पंख आमच्या खात्यात आला आहे. पहिल्या पाकोळीसारखाच, वैमानिकाच्या डोक्यावर छत्रीसारखा पसरणारा एकच लांब पंख. फक्त आतला वासा तेरास साहेबांनी जाड केला आहे. पहिलीचा पंख ज्या जागी मुडपला, त्याच जागी. मी सध्या त्याच जागेवर कापड चढवते आहे. टाके घालते, गाठ मारते, पुढे जाते.

लाझार सैन्यातली नोकरी संपवून ऑगस्टमध्ये घरी आला. तेरास साहेबांनी त्याला घेतलं. दुसरी पाकोळी तोच उडवणार आहे. जानेवारीत पॅरिसहून हवाई दलाचे अधिकारी येतील, त्यांच्यापुढे ठरलेल्या वेळात ठरलेली उंची गाठून दाखवायची. दाखवली तर कारखान्याला काम, नाही तर कुलूप. थोरल्या भावानं, आपल्या आन्सेल्मनं, पहिल्या पाकोळीत ती उंची गाठली होती, तेव्हा धाकट्यानंही गाठलीच पाहिजे, असं सगळं गाव म्हणतं. लाझारही तेच म्हणतो.

तो माझं ऐकत नाही. तुझं ऐकत असे. वहिनीनं त्याला एक पत्र लिहिलं तर बरं होईल.

काय लिहायचं, ते आज मी लिहीत नाही.

तुझी सासू,
युदोक्सी

सेंत-ओरी,
२६ ऑक्टोबर १९३०

प्रिय क्लेमांस,

तुमच्याकडे सगळे कसे आहेत? मागच्या पत्राचं उत्तर नाही. असू दे.

इथे सध्या सगळ्यांना वजनानं पछाडलं आहे. जाड वाशानं वजन वाढवलं, ते कुठून तरी कमी करायला हवं ना. बास्तियँ मिस्त्री कानस घेऊन बोल्टांची डोकी घासत बसतो. आम्हाला दोरा बारीक दिला आहे. रोगणाचा शेवटचा हात रद्द झाला. वैमानिकांची राखण करणारी देवी आहे ना, वैमानिकासमोरच्या फळीवर तारेनं बांधायची पितळी मुद्रा, ती धर्मगुरूंनी मंतरून आणून दिली. तेरास साहेबांनी ती आधी तराजूत टाकली. बास्तियँ म्हणाला, "बाई फार जेवल्या वाटतं." मग मुद्रा परत गेली आणि तिथं कागदाचं चित्र चिकटवलं. धर्मगुरू रागावले नाहीत. त्यांच्याही देवळाचं छप्पर कारखान्याच्या वर्गणीतूनच व्हायचं आहे.

लाझार रात्री सूप घेत नाही. एक सफरचंद खातो. शिवणखात्यातल्या पोरी त्याला चिडवतात, "लग्नाचा झगा घालायचाय का रे, एवढा उपास करतोस तो?" तो हसतो. हसताना गालाची हाडं दिसतात, आन्सेल्मची दिसायची तशी. आन्सेल्मही त्या वर्षी असाच उपाशी राहायचा. तुला मी काय सांगायचं.

परवा संध्याकाळी मी भांडी घासत होते. पाठीमागून लाझार म्हणाला, "आई, मला एक उशी शिवून दे. पॅराशूटच्या मापाची. वरचं कापड तसंच, पट्टे तसेच. आत घोड्याचे केस भर. मैदानावर कुणाला कळता कामा नये."

तुला माहीतच आहे, पाकोळीतला वैमानिक पॅराशूटवरच बसतो. ते काढलं तर तो खाली जातो, समोरचं दिसत नाही. उशी लागतेच.

मी विचारलं, "आणि पॅराशूट?"

"ते कपाटात. चांगलं दोन बदकांएवढं वजन आहे त्याचं."

"तेरास साहेब काय म्हणतील?"

"त्यांना कशाला सांगायचं? नियम आहे म्हणून नको म्हणतील. आणि खरं सांगू का आई, दादाकडे होतं की पॅराशूट. त्यानं कुठं वापरलं?"

मी कढई पालथी घातली. बरं म्हटलं. कापड आणावं लागेल, म्हटलं.

गावाच्या चौकातल्या दगडावर महापौरांनी काय कोरून घेतलंय ते तुला पाठ असेल. पंख मोडला तरी आन्सेल्म मार्तेल यानं आपलं यंत्र सोडलं नाही. गावावरून वळवून बिटाच्या शेतात नेलं. उडी मारली असती तर वाचला असता, पण मारली नाही. लाझार तेव्हा सैन्यात होता. त्याला जे काही ठाऊक आहे ते त्या दगडावरून. रोज कामाला जाताना टोपी काढतो तिथं.

लवकर लिही.

युदोक्सी

सेंत-ओरी,
२५ नोव्हेंबर १९३०

प्रिय क्लेमांस,

आज सेंत कातरीनचा दिवस. शिवणखात्यातली एकच पोर यंदा पंचविशीची आणि बिनलग्नाची निघाली, तिला हिरवी-पिवळी टोपी घातली. टोपीवर पंखाच्या उरलेल्या कापडाची पाकोळी केली होती. तेरास साहेबांनी सगळ्यांना पेलाभर वाईन दिली. त्यांनी पोरीला विचारलं, टोपीचं वजन किती. हसण्यासारखं होतं, हसलो.

तुझ्या वडिलांच्या खोकल्याचं विचारायचं राहिलं. मासेवाला या खेपेला आला नाही.

उशीचं मी लांबवते आहे. आधी म्हटलं, तसलं कापड बाजारात नाही. मग म्हटलं, घोड्याचे केस ओले आले, वाळायला हवेत. मग पट्टे उलटे शिवले आणि उसवले. लाझार म्हणाला, "अख्खा पंख आठवड्यात शिवतेस आणि उशीला महिना?" मी बोटांकडे बोट दाखवलं. त्याला वाईट वाटलं. त्याला वाईट वाटलेलं बघूनही मला काही झालं नाही. मला हल्ली काही होत नाही. दगडावरून जाते तेव्हाही नाही. गेल्या सोमवारी आन्सेल्मला वर्ष झालं म्हणून लोक दगडापाशी फुलं ठेवत होते, मी बटाटे घेऊन पलीकडून गेले.

आता जे लिहायला नको वाटत होतं ते लिहिते.

आन्सेल्म गेला त्या दिवशी बिटाच्या शेताची मालकीण आपल्या दारी आली होती. विमान तर जळून गेलं होतं. पण बांधाशी उडून पडलेलं काहीतरी तिला सापडलं, ते तिनं रुमालात बांधून आणलं होतं. हातभर निळ्या पट्ट्यांचं कापड, आणि त्याला चिकटलेले घोड्याचे केस. तिला वाटलं, विमानाच्या बैठकीचं असेल, आईला आठवण म्हणून द्यावं. मी ते कापड ओळखलं. तुमच्या लग्नात तुमच्या गादीला मीच ते कापड घातलं होतं. मी मान वर केली तर तू जिन्यात उभी होतीस. तू माझ्या हाताकडे पाहिलंस. आपण दोघी काही बोललो नाही. मग दगड बसला, आणि तू जिनेतला घेऊन माहेरी गेलीस.

तुझी पेटी मी आणि बास्तियँनं गाडीत चढवली. तो म्हणाला, "एवढ्याशा सामानाला केवढं ओझं." मला तेव्हाच कळलं त्यात काय असेल. मी विचारलं नाही.

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. तसं वाटलं तर हे पत्र चुलीत घाल. वर्षभर मी तुला लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते मला ठाऊक नव्हतं. लाझारनं भांडी घासताना पाठीमागून उशी मागितली तेव्हा ठाऊक झालं. तुझ्याकडेही आन्सेल्मनं असंच मागितलं असेल. काहीतरी दुसरं बोलता बोलता, मीठ मागावं तसं. अशा वेळी तोंडातून ‘बरं’ असंच निघतं. नाही म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाकडून शिवून घेणार, आणि ती वाईट शिवणार, आणि हवेत सरकणार. मीही ‘बरं’ असंच म्हटलं, क्लेमांस.

लाझारला मी सांगू शकते. सांगितलं तर म्हणेल, आई घाबरून रचते आहे. चिंधी दाखवली तर म्हणेल, अशा कापडाच्या गाद्या घरोघरी आहेत. आणि त्याला पटलंच, तर पहिला प्रश्न विचारेल, ती उशी कुणी शिवली. त्याचं उत्तर माझ्याकडून निघणं बरं नाही. ते तुझं आहे. तू सांग, नाही तर मला सांगायची मुभा दे. दोन्ही नको असेल तर तसं लिही. तोवर मी उशीची एक बाजू उघडी ठेवून बसले आहे.

पण माझ्याकडे आता उसवायला फार उरलेलं नाही.

जिनेतला पापा.

युदोक्सी

सेंत-ओरी,
२१ डिसेंबर १९३०

प्रिय क्लेमांस,

तुझं खोकं पोचलं.

रेल्वेच्या माणसानं ते लाझारच्या नावानं आणलं. त्याला वाटलं वहिनीनं नाताळला मासे पाठवले. वर सार्डिनचे डबे होतेच. ते त्यानं टेबलावर मांडले आणि खालचं पोतं सोडलं. मी कांदा चिरत होते.

पॅराशूटच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला आन्सेल्मनं स्वतःचं नाव रंगानं लिहिलं होतं, ते त्यानं वाचलं. मग अंगठ्यानं पुसून बघितलं. खुर्ची ओढून बसला.

"हे जळालं होतं ना?" तो म्हणाला.

"नाही."

"मग दादा कशावर बसला होता?"

मी खणातली चिंधी काढून त्याच्यासमोर ठेवली. तिच्याजवळ माझी अर्धी शिवलेली उशी ठेवली. त्यानं चिंधीचे केस आणि उशीतले केस बोटांनी चाचपून बघितले. उशी कुणी शिवली ते त्यानं विचारलं नाही. खोकं कुठून आलं ते त्याच्यासमोर होतंच.

मग म्हणाला, "म्हणजे दादानं उडी मारली नाही असं नाही. त्याला मारताच येत नव्हती."

"नव्हती," मी म्हटलं.

"आणि ती उंची? जी गाठली म्हणून सगळे सांगतात?"

"तीही तशीच गाठलेली."

तो टोपी घालून बाहेर गेला. खिडकीतून मला चौक दिसतो. दगडापाशी थांबला. हात टोपीकडे गेला, पण टोपी काढली नाही. परत आला आणि म्हणाला, "सूप आहे का?" दोन वाडगे प्यायला. पाव मोडून मोडून खाल्ला, तुझे सगळे सार्डिन संपवले. मला आपलं उगाच वाटलं होतं की या दिवशी मला रडू येईल. कांद्याचं आलं तेवढंच.

पॅराशूट त्यानं सैन्याच्या मैदानावर नेऊन नीट घडी करून आणलं. घडी करणारा म्हणाला, माल चांगला आहे, कधी उघडलेलाच नाही.

तू चिठ्ठी ठेवली नव्हतीस. मी खोकं उलटं करून, गवत झाडून पाहिलं. नव्हती. पण मुभा मिळाली असं मी धरते. तुझे उपकार म्हणत नाही, तो शब्द मोठा आहे.

विहीणबाईंना नाताळच्या शुभेच्छा सांग. गुडघ्यांना गरम मिठाची पुरचुंडी.

युदोक्सी

सेंत-ओरी,
१ फेब्रुवारी १९३१

प्रिय क्लेमांस,

तुझ्या वडिलांना, आईला, भावाला माझा नमस्कार. जिनेतचा कान? मासेवाला म्हणाला, तिला आता खोकला झालाय. तो म्हणाला म्हणजे खरं असं नाही, तू कळव.

अधिकारी आले होते. तीनजण, आणि एक लोकरी अस्तराच्या कोटातला. हवा थंड आणि स्वच्छ होती, पाकोळीला सोसणारी. सबंध कारखाना कुंपणाशी उभा होता. उंची नोंदणाऱ्या पेटीला त्यांनी आपल्या हातानं लाखेचं सील केलं. लाझार आन्सेल्मचं पॅराशूट बांधून चालत गेला. त्या ओझ्यानं सगळेच वैमानिक बदकासारखे चालतात. पोरी हसल्या नाहीत.

सुटली तेव्हा छान सुटली. पंखाच्या ज्या जागेवर मी कापड चढवलं होतं तिथं मी बघत होते, नंतर ती दिसेनाशी झाली. मग नुसता आवाज. मग आवाजही नाही. बास्तियँ माझ्याशेजारी टोपी चुरगाळत होता. मी त्याला म्हटलं, टोपी फाटेल.

खाली आला तेव्हा सरळ आला, मऊ टेकला. अधिकाऱ्यांनी पेटी उघडली, कागद बघितला, घड्याळं ताडून बघितली. उंची हुकली होती. फार नाही. तुझा भाऊ होडी धक्क्याला लावताना जेवढं चुकेल, तेवढं. ते आपापसात बोलले, हस्तांदोलन केलं, आणि जेवायच्या आत पॅरिसची गाडी पकडून गेले. दुसऱ्या कुणाचं तरी धातूचं विमान त्यांना बरं वाटलं, असं नंतर कळलं.

तेरास साहेब रविवारी आपल्या घरी आले. आधी कधी आले नव्हते. कोट न काढता बसले. पॅराशूट दाराशी खुंटीवर होतं, त्याच्याकडे त्यांचं लक्ष गेलं की नाही मला सांगता येणार नाही.

"काही कळत नाही, मादाम मार्तेल," ते म्हणाले. "इंजिन तेच, पंखा तोच. वासा जड झाला, पण तेवढं वजन मी दुसरीकडून काढलं होतं. सगळं जुळत होतं. तुमच्या थोरल्यानं केलंच होतं की."

मी म्हटलं, "तो हलका होता."

त्यांनी मान हलवली. कॉफी अर्धी ठेवून गेले. त्यांना खरं सांगायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी सगळा हिशेब पुन्हा मांडला असता, आणि त्यात आपला आन्सेल्म वजा करावा लागला असता. माणूस तसा वाईट नाही. जाताना जिन्यात धडपडला, विहीणबाईंसारखाच.

शुक्रवारी कारखान्याला कुलूप लागलं. पोरींमधल्या दोघी शार्त्रला टोपीवाल्याकडे लागल्या. बास्तियँ ट्रॅक्टर दुरुस्त करील म्हणतो. दुसरी पाकोळी मोठ्या शेडमध्ये एकटीच उभी आहे, दार उघडं राहिलं की तिच्या पंखाचं कापड वाऱ्यानं ढोलासारखं वाजतं. कापड ताणलेलं चांगलं आहे. ते माझं काम.

लाझारचं सांगते. कॅफेत लोक त्याला तोंडावर काही म्हणत नाहीत. तो आत शिरला की म्हणतात, "थोरल्याची छाती वेगळी होती." एकजण म्हणाला, "धाकटा देवीला नाही, पॅराशूटला भजतो." तो आपला ग्लास संपवतो आणि घरी येतो. एकदा मी म्हटलं, सांगून टाक त्यांना. तो म्हणाला, "काय सांगू? दगड उपटायला लावू? वहिनीचं नाव चौकात नेऊ?" मग म्हणाला, "आई, वर गेल्यावर मला कळलं होतं, हुकतेय ती. पट्टा सोडून ते ओझं बाहेर टाकलं असतं तर कदाचित जमलं असतं. मी हात लावून बघितला पट्ट्याला."

मी विचारलं, "मग?"

"दादाचं नाव हाताला लागलं," तो म्हणाला. "रंग खरखरीत आहे."

एवढंच. मग आम्ही जेवलो. तो आता पोटभर जेवतो. बिटाच्या शेतावर कामाला जायचं म्हणतो. ज्या शेताची मालकीण ती चिंधी घेऊन आली होती, तिच्याकडेच.

मी रोज उठते, चूल पेटवते, काय करायचं ते बघते. शिवायला काही नव्हतं म्हणून ती अर्धी उशी हातात घेतली. उघडी बाजू शिवून टाकली. पट्टे काढले, तुमच्या गादीच्या उरलेल्या निळ्या कापडाची खोळ घातली. चांगली घट्ट झाली आहे. पॅराशूटच्याच मापाची असल्यामुळे उंच आहे. मोठ्या माणसाच्या काही उपयोगाची नाही.

लाझारनं ती उचलली आणि टेबलाशी, चुलीकडच्या खुर्चीवर ठेवली. मग हात आडवा धरून अंदाज घेतला, जिनेतची हनुवटी कुठं येईल त्याचा. तुम्ही गेलात तेव्हाच्या मापानं त्यानं हात धरला होता. मी म्हटलं, अरे, वाढली असेल ती आता.

किती वाढली ते लिही. त्याप्रमाणे उशीतले केस काढता येतील. आणि गाडी कुठली धरणार तेही, म्हणजे बास्तियँला पेटी उचलायला सांगून ठेवते. लवकर लिही, पोरी.

युदोक्सी